झाकणाचा कान

लांबच्या विमानप्रवासात इकॉनॉमीत बसायचं असेल तर जेवणासाठी वरचे पैसे भरावेत, या मताचा मी आहे, आणि हे मत मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. पाय दुमडून दहा तास बसायचं, शेजाऱ्याच्या कोपराशी जागेसाठी झगडायचं आणि वर तो चिकट भात गिळायचा, हे मला मान्य नाही. पुढच्या रुंद खुर्चीत बसायची माझी ऐपत नाही. पण चिनी मातीच्या बशीतलं जेवण, कापडी रुमाल आणि सगळ्यांच्या आधी समोर येणारा ट्रे, एवढं मला परवडतं. बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून मला वर्षाला तीनदा लंडनला पाठवतात आणि तिन्ही वेळा मी हे जेवण आधीच बुक करून ठेवतो.

माझं हे मत घरात सगळ्यांना पाठ आहे, आणि सगळ्यात जास्त माझ्या अत्तेला. आम्ही बंगळूरचे मराठे. इथे येऊन किती पिढ्या झाल्या ते विचारू नका, आम्हीही मोजणं सोडलंय. आत्याला आम्ही अत्ते म्हणतो, आमटीला सारू म्हणतो, भांडतो मात्र मराठीतच. तर ही माझी अत्ते, अंबुबाई, बनशंकरीला राहते. तिने एकोणतीस वर्षं विमानातल्या जेवणाचे डबे बंद केले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली.

म्हणजे मी ज्या भाताला नावं ठेवतो, तो बहुतेक तिच्याच टेबलावरून गेलेला असायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि जीभ आवरणं वेगळं. पैसे भरायची सवय लागण्याआधी मी तेच डबे खायचो, आणि परत आलो की रविवारी अत्तेकडे जेवायला बसून, तिच्याच सारूचा भुरका मारत, त्या डब्यांची यथेच्छ टिंगल करायचो. ती कधी चिडली नाही. वाढता वाढता एकच विचारायची, झाकण उघडताना बोट भाजलं का? मी म्हणायचो, नाही. ती म्हणायची, मग झालं. मला वाटायचं, ही तिची थट्टा करायची तऱ्हा असेल.

तिची मुलगी रम्या तीन वर्षांची होती तेव्हा अत्तेचा नवरा गेला. सासरच्यांनी शिवणाचं मशीन घेऊन देतो म्हटलं. दिवसभर लोकांची मापं घेत बसायला मला जमणार नाही, असं सांगून ही बाई शेजारणीबरोबर जुन्या विमानतळाजवळच्या एका मोठ्या किचनमध्ये गेली आणि दुसऱ्या दिवसापासून झाकणांच्या टेबलावर उभी राहिली. कंपनीची बस पहाटे चारला यायची. पुढे विमानतळ देवनहळ्ळीला गेला, किचनही गेलं, बस आणखी लवकर यायला लागली. तिची बस एकदाही चुकली नाही, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते. वर गेल्यावर जिभेला चव कमी लागते, म्हणून विमानाच्या जेवणात मीठ जरा जास्त घालतात. किचनमध्ये रोज तेच जेवून ती चव तिच्या हातात इतकी मुरली की घरचं जेवणही खारटच होतं. आम्ही त्याला वरचं मीठ म्हणतो आणि पाणी पीत पीत जेवतो.

झाकणाची गोष्ट अशी. एकदा तिचे सुपरवायझर प्रदीपकुमार तक्रारीचा कागद हलवत आले. इकॉनॉमीतल्या कुणा प्रवाशाचं डबा उघडताना बोट भाजलं होतं. ॲल्युमिनियमचा डबा, वर त्याच पत्र्याचं पातळ झाकण, चारी बाजूंनी घट्ट दुमडलेलं, आणि वर ओव्हनमधून काढलेलं. धरायचं कुठे? कागदावर लिहिलं होतं, काळजी घ्यावी. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. अत्तेने एक झाकण घेतलं, तीन कोपरे दुमडले, चौथ्याचा अर्ध्या बोटाएवढा तुकडा मोकळा सोडला आणि डबे एकावर एक ठेवताना अडकू नये म्हणून तो आडवा निजवला. याला कान म्हणायचं, असं तिने तिथल्या तिथे जाहीर केलं. प्रदीपकुमार म्हणाले, यात वेळ जाईल. ती म्हणाली, घड्याळ लावा. घड्याळ लागलं. तिने कान काढून चाळीस डबे बंद केले तोवर त्यांचे बिनकानाचे अठ्ठावीस झाले होते. त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही.

हा कान कुठल्याही नियमावलीत नाही. तो फक्त अत्तेकडून नव्या मुलीकडे आणि तिच्याकडून पुढच्या मुलीकडे गेला. उजवा कोपरा, अर्धं बोट, आडवा निजलेला. सकाळी टेबलावर आल्यावर नमस्कार-चमत्कार नाही, कान काढला का, एवढंच ती विचारायची.

या सगळ्यात एक मुलगी तिला पुरून उरली. शिल्पाश्री. डावखुरी. जेवणाला डावा हात लावते म्हणून बाकीच्या बायकांनी गिल्ला केला आणि तिला ट्रॉल्या धुवायला पाठवा म्हणाल्या. त्यांचंही नवल नाही, आमच्या घरांत डाव्या हाताने पापड वाढला तरी पाठीत धपाटा बसतो. अत्ते म्हणाली, झाकण म्हणजे काही भात नव्हे, आणि पोरीला आपल्या शेजारी उभं केलं. पण कोपऱ्याच्या बाबतीत ती हटली नाही. लोक उजव्या हाताने उघडतात, तेव्हा कान उजवीकडेच. शिल्पाश्री उजव्या हाताने काढायला जायची आणि झाकण फाटायचं. चार वर्षं दोघींचं रोज यावरून वाजत होतं. निवृत्तीच्या दिवशी शाल झाली, केक झाला, आणि निघताना अत्तेने त्या पोरीला शेवटचं काय सांगितलं, तर कान उजवीकडेच काढ. घरी येऊन आम्हाला म्हणाली, ही पोरगी सगळ्यांत आधी कान सोडणार, आणि हिच्या मागून सगळ्या.

यातलं कानाचं काहीच मला गेल्या वर्षापर्यंत नीट कळलेलं नव्हतं. कोण तरी शिल्पाश्री, कसला तरी कोपरा, एवढं ऐकून मी सोडून द्यायचो. गेल्या वर्षी लंडनला राहणाऱ्या रम्याने आईला बोलावून घेतलं. अत्ते तोवर विमानात बसलेली नव्हती. त्याच आठवड्यात मलाही जायचं होतं, म्हणून तिला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्या थाटात दोघांसाठीही पैसे भरून मटणाचं खास जेवण बुक केलं आणि ते सांगायला सर्जापूर रोडवरच्या माझ्या घरून ट्रॅफिकला शिव्या देत बनशंकरी गाठली.

मी तोंड उघडण्याआधी तीच बोलली. "रम्याला बघायचंय ते आहेच, शंभू. पण विमानात मला एकच बघायचंय. कान राहिला की गेला." मग तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि बोट भाजलं का, या प्रश्नाचा अर्थ मला इतक्या वर्षांनी लागला. मला लाज वाटली, चांगलीच वाटली. एखाद्या शहाण्या माणसाने तिथेच फोन काढून तिचं खास जेवण रद्द केलं असतं. आदल्या दिवसापर्यंत करता येतं. मी केलं नाही आणि तिला सांगितलंही नाही. आजूबाजूला दोनशे डबे असतील, त्यातल्या एखाद्यावर बघेल की कान, त्यासाठी पोटाला कशाला शिक्षा, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. ती चिनी मातीची बशी समोर आल्यावर तिचा चेहरा मला बघायचा होता.

दुपारचं विमान होतं. अत्ते म्हैसूर सिल्क नेसून मधल्या खुर्चीत ताठ बसली. तिच्या डावीकडे खिडकीशी हयवदन नावाचे निवृत्त बँक अधिकारी होते, पंचाहत्तरीचे. पट्टा बांधायच्या आत त्यांनी आपली, मुलाची आणि सुनेची माहिती दिली. त्यांच्या उजव्या हाताला कंप होता, तो त्यांनी मांडीवर ठेवून दिला होता.

आमचे दोन ट्रे सगळ्यांच्या आधी आले. हवाई सुंदरीने बशीवरचं झाकण स्वतःच उचलून नेलं. अत्तेने बशीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि जास्तीचे पैसे भरलेस का, असं विचारलं. मी हो म्हटलं. ती रागावली नाही. एक घास खाल्ला, मीठ बरोबर आहे म्हणाली, आणि चमचा खाली ठेवून साध्या जेवणाच्या गाडीची वाट बघत बसली.

गाडी यायला अर्धा तास लागला. मटण गार होत चाललं होतं. मी दोनदा म्हटलं, खाऊन घे. "स्वल्प थांब," एवढंच ती म्हणाली. तिने समोरच्या फळीची कड घट्ट धरून ठेवली होती. आयुष्यात कशाला न घाबरलेली ही बाई एका पत्र्याच्या तुकड्याला घाबरली होती, आणि ते बघून मीही घाबरलो. पलीकडच्या रांगेतलं तिला चष्म्यातूनही दिसत नव्हतं. मी मान वाकडी करून बघितलं, पण लोक झाकणं भराभरा ओढून टाकत होते आणि त्यातून मला काही उमगेना.

मग हयवदनांचा ट्रे आला. साधा ट्रे, साधा डबा. ते सिनेमा बघण्यात गुंग होते, डबा तसाच पडून राहिला. दुसऱ्याच्या डब्याला हात कसा लावणार? अत्ते वाकली आणि तिने आपल्या बाजूचा, म्हणजे उजवा कोपरा बघितला. तो घट्ट दुमडलेला होता. ती हळूच मागे टेकली.

"गेला," ती म्हणाली.

वर्षानुवर्षं मी ज्या जेवणाची टर उडवली, त्यातली तिची एवढीशी गोष्ट उरली असती तर मी माझं मटण, बशी, रुमाल सगळं देऊन टाकलं असतं. हे मी आता शहाणपणा म्हणून सांगत नाही, तेव्हा खरंच तसं वाटलं.

एवढ्यात हयवदनांचा डावा हात उठला. नजर पडद्यावरच होती. बोटांनी खिडकीकडचा, आम्हाला न दिसणारा कोपरा चाचपला, तिथे काहीतरी धरलं आणि एका ओढीत झाकण उघडलं. वाफ त्यांच्या चष्म्यावर गेली. बोटांना काही झालं नाही. त्यांनी झाकण उताणं ठेवलं तेव्हा मला तो दिसला: अर्ध्या बोटाएवढा कान, डाव्या कोपऱ्यावर.

अत्ते त्याच्याकडे बघत राहिली. मग त्यांच्या मांडीवरच्या थरथरणाऱ्या उजव्या हाताकडे तिचं लक्ष गेलं.

"शिल्पाश्री," ती म्हणाली.

कोण, असं हयवदनांनी विचारलं. आमची एक मुलगी आहे, कामाला चांगली आहे, असं तिने त्यांना कन्नडमध्ये सांगितलं. सरी, सरी, म्हणजे बरं बरं, म्हणून ते जेवायला लागले. आपल्याला कुणी मदत केली याचा त्यांना पत्ता नव्हता, आणि अत्तेला तेच फार आवडलं असावं, कारण मग तिने गार झालेलं मटण बशी चाटूनपुसून संपवलं आणि माझा रुमालही आपल्याकडे ठेवून घेतला.

तीन आठवड्यांनी आम्ही बरोबरच परत निघालो. मत माझं अजून तेच आहे, पण त्या वेळी मी दोघांसाठीही साधंच जेवण ठेवलं. तिला खूश करायला, असं म्हणा हवं तर. हे डबे लंडनच्या किचनमध्ये बंद झालेले. मला भूक लागली होती, मी सवयीने झाकणाला हात घातला आणि बोट तोंडात घालून बसलो. चारही कोपरे घट्ट दुमडलेले होते.

"भाजलं?" अत्तेने विचारलं.

"भाजलं," मी म्हटलं.

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. जेवण झाल्यावर तिने माझं झाकण कागदी रुमालाने पुसलं, सपाट केलं, रिकाम्या डब्यावर ठेवलं आणि आता काढ बघू म्हणाली. मी तीन कोपरे दुमडले आणि आज्ञाधारकपणे विचारलं, कान उजवीकडेच ना?

"तुझ्या हाताला जमेल त्या बाजूला काढ," अत्ते म्हणाली.