टॅक्सीतले पाहुणे

मोहोपाड्याला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी कामाला होतो, तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव परभणीकडं. सातवीत शाळा सुटली आणि मी इतका लांब येऊन पडलो, की घरी पत्र पोचेपर्यंत त्यातली बातमी शिळी व्हायची. ठेकेदार मला भाजीसाठी कर्जतच्या बाजारात पाठवी. येताना करंड्या टपावर बांधायच्या आणि टॅक्सीत शिरायचं.

टॅक्सीत पुढं ड्रायव्हर धरून चौघं, मागं मावतील तेवढे. असं माणशी भाडं घेऊन उतारू भरायला परवानगी नव्हती. ड्रायव्हर कर्जतजवळच्याच एका गावचा, घरी भातशेती असलेला. चौकच्या नाक्यावर हवालदारानं हात केला, की तो निवांत सांगायचा, "घरचीच मानसं हायत साहेब. हळदीला चाललोय."

"तुझ्या घरी रोज हळद कशी रं?"

"घर मोठं हाय साहेब."

मग आम्ही सगळे मुकाट्यानं पाहुणे व्हायचो. सुकट विकणारी म्हातारी त्याची मावशी, मी भाचा. बाकीच्यांना त्याची गंमत वाटे. मला मात्र बरं वाटायचं. त्या मुलखात मला नात्यानं हाक मारणारं दुसरं कोण होतं? पुढं पुढं नाका मागं पडला तरी मी त्याला मामाच म्हणायला लागलो.

एका सकाळी रस्त्यात म्हैस आडवी आली. मामानं ब्रेक दाबला, गाडी वळली आणि मोरीच्या कठड्याला धडकली. मी पुढं, दाराला चिकटून बसलो होतो. कपाळ काचेवर गेलं आणि गुडघा समोरच्या पत्र्यावर. बाकीचे खरचटण्यावर सुटले. म्हातारी सांडलेली सुकट गोळा करत म्हशीच्या सात पिढ्या उद्धरत होती.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. भाड्यानं बसला होतास का, म्हणाले. मामाचा परवाना जाईल एवढंच मला सुचलं. "नाही साहेब," मी सांगितलं, "मामा आहेत माझे. त्यांच्यासंगं सहज निघालो होतो."

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच फिरत होतं. कठड्याला धडकली ती गाडी. मग मी कशाला धडकलो? डॉक्टरांना विचारलं. त्यांनी औषधाची बाटली ठेवलेली ताटली पुढं ढकलली आणि एकदम थांबवली. बाटली आडवी झाली. "गाडी थांबली," ते म्हणाले, "तू कुठं थांबलास?"

ते गेल्यावर पडल्या पडल्या मी तेच करत बसलो. बाटली दर वेळी पडायची. मग तिला बँडेजच्या पट्टीनं ताटलीला आवळलं, तर जागची हलेना. डॉक्टर म्हणाले, परदेशी गाड्यांत माणसाला असाच पट्टा बांधतात. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो बोटांवर माणसं मोजायला लागला.

"आपल्यात पुडं चौघं. पट्टा बांधायचा कुनाला? मागचे लगेच भांडन काढतील."

त्याची बायको माझ्यासाठी रोज डबा आणायची. भाकरी काढता काढता ती म्हणाली, "पयली ह्यांची जीभ बांधा."

गुडघा काही वाकेना. कँटीनचं काम सगळं उभ्याचं. ठेकेदारानं दुसरा माणूस ठेवला. गावाकडं काय कळवावं, या काळजीनं झोप लागेना. तेव्हा मामाच मला एका वकिलाकडं घेऊन गेला. वकिलांनी माझा जबाब वाचला आणि चष्मा काढला.

"भाडं देऊन बसलेल्या उतारूला विमा कंपनीकडून भरपाई मागता येते. फुकट बसलेल्या पाहुण्याला कंपनी दारात उभं करणार नाही. कोर्टात खरं सांगावं लागेल. मग गाडीत किती जण होते तेही निघेल."

मी म्हणालो, "राहू द्या साहेब."

"राहू द्या कसं?" मामा म्हणाला. "परवान्याचं मी बघीन. गुडगा तुझा हाय. त्याच्यावर तुला म्हातारं व्हायचंय. तिथं सरळ सांग, हा मानूस माझा कोनी नाय."

अलिबागच्या कोर्टात कंपनीच्या वकिलानं विचारलं, "समोर बसलेले गृहस्थ तुमचे कोण?"

मामा छताच्या पंख्याकडं बघत होता.

"कोणी नाहीत साहेब. मी भाडं देऊन बसलो होतो."

"मग पोलिसांना मामा का सांगितलं?"

"नाक्यावर सगळेच काहीतरी नातं सांगायचे साहेब."

न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहिलं. मला अजून नवल वाटतं. नाक्यावर नातं सांगताना कुणाला कधी धाप लागली नव्हती. ते नाकारताना मला लागली.

भरपाई मिळाली. मागितली त्याहून कमी, पण मिळाली. बसून करता येईल असा धंदा म्हणून मी त्या पैशांत पानाची टपरी टाकली. मामाचा परवाना काही महिने अडकला. ते दिवस भात झोडायचे होते. मी त्याच्या खळ्यावर जाऊन ताठ पाय पसरून बसायचो आणि पेंढा बांधायचो. एकदा शेजारचा म्हातारा बांधावरून डोकावला.

"ह्यो कोन रं? पावना का?"

मामाच्या हातातली पेंढी वरच थांबली. माझाही हात थांबला. कोर्टात मी काय बोललो ते त्यानं समोर बसून ऐकलं होतं.

"पॅसेंजर हाय माझा," तो म्हणाला. "उतरायचं नावच घेत नाय."