वरच्या खाचरातले रोहू

माझ्या पदवीचं श्रेय आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना. मत्स्यशास्त्राचा अर्ज त्यांनीच समोर बसून माझ्याकडून भरून घेतला. ओल्या जाळ्याचा वास आला की मला पदवीनंतरचा दुसरा श्रावण आठवतो. घरामागच्या बंद चिरेखाणीत मी आदल्या वर्षी रोहू सोडले होते. दोन दिवसांच्या पावसात शेजारचा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, ठेंगण्या बांधावरून आत शिरला आणि खाण, पऱ्या, भातखाचरं यांचं एकच पाणी झालं. ते उतरल्यावर मी खालच्या सांडव्याशी जाळं लावलं. त्यात पऱ्यातून आत आलेली, रोहू खाऊन पोट फुगलेली एक मरळ तेवढी मिळाली. शेजारचे काका म्हणाले, “डिग्री व्हावली रे तुझी. आता मुंबय गाठ.” आई वैतागली. “वलगणीचा मासा पाण्याच्या उलट वरती चढतो. तू खाली काय बघतोस?” पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात, ती वलगण. हेच मी पुस्तकात वाचलं होतं, पण ऐन वेळी सुचलं नव्हतं. आम्ही वर धावलो, तर वरच्या खाचरात, घोटाभर लाल पाण्यात रोहूंच्या पाठी चमकत होत्या आणि काका टोपली घेऊन आधीच उभे होते. “वलगणीचा मासा ज्याला गावला त्याचा,” ते हसत म्हणाले. मी त्यांची टोपली धरली. “काका, वलगणीला पऱ्यातून चढलेले खवळे मासे तुमचे. रोहू मी सोडलेला आहे.” त्यांनी टोपली सोडली. आम्ही मायलेकांनी घमेल्यातून मासे परत खाणीत नेले. आज तिथला बांध माझ्या छातीला लागतो. त्या संध्याकाळी मात्र माझ्याकडे सरांना लिहायला एवढंच होतं: “सर, अर्ध्याहून जास्त मासे गेले. आत अजून मरळ असणार. मी मुंबईला जात नाही. उद्यापासून उंच बांध घालतोय.”