क्लच नसलेली गाडी

धायरीचे हिंदुराव पोकळे स्वतःची छोटी गाडी टॅक्सी म्हणून चालवत. सिंहगड रस्त्याच्या कोंडीत क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. त्याच गाडीचं सुधारित मॉडेल येणार असं कळलं, तेव्हा स्टँडवर कुणाला मोठी स्क्रीन हवी होती, कुणाला जास्त गार एसी. हिंदुरावांना फक्त क्लच नसलेली गाडी हवी होती.

गाडी आली तसे ते बायकोला, विजयमालाला, घेऊन शोरूमला गेले.

"काका, स्क्रीन बघा, दिवे बघा!" तिथला पोरगेला विक्रेता म्हणाला.

"आन् क्लच?"

"तो आहे तसाच. टॅक्सीच्या मॉडेलमध्ये ऑटोमॅटिक येत नाही."

परतताना हिंदुराव पुन्हा त्याच कोंडीत अडकले. राजाराम पुलाच्या चौकात सिग्नल सुटला, पण दाबलेल्या क्लचवरून त्यांचा पाय उचलेचना. मागून हॉर्न सुरू झाले.

"अगं, पाय हलंना," ते घामाघूम होऊन म्हणाले.

"आधी गिअर काढा." विजयमाला खाली उतरली, त्यांच्या बाजूचं दार उघडून वाकली आणि दोन्ही हातांनी नवऱ्याचा पाय हळूच उचलला. लोकांनी गाडी ढकलून कडेला लावली.

"आता बास करा हो," ती म्हणाली.

हिंदुरावांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.