हात न लावलेली बंदूक

रोलांद मिशोने आमच्या खोऱ्यात तीस वर्षं शाळेची बस चालवली. नदीच्या कडेकडेने जाणारा रस्ता, पलीकडच्या काठावर कॅनडा, अलीकडे बटाट्याची शेतं आणि वर्षातले पाच महिने बर्फ. तिच्या बसमधून गेलेली मुलं आता बँकेत, दवाखान्यात, कागदाच्या कारखान्यात कामाला आहेत. ती आत आली की अजूनही नकळत पाय खाली घेऊन नीट बसतात.

ती हट्टी होती हे सगळ्यांना माहीत होतं. एका जानेवारीत पुलावर गोठलेल्या पाण्याची काच झालेली पाहून तिने बस अलीकडेच उभी केली. मुख्याध्यापकांचा फोन आला, "बाकीच्या दोन बस त्याच पुलावरून आल्या की, रोलांद."

"आल्या ना? मग त्यांच्या ड्रायव्हरांचा सत्कार करा. मी वाळू पडल्याशिवाय हलणार नाही."

चाकं घसरू नयेत म्हणून रस्त्यावर वाळू टाकणारी गाडी येईपर्यंत मुलं बसमध्ये गाणी म्हणत बसली. त्या दिवशी पुलावर कुणी घसरलं नाही, त्यामुळे गाव तिलाच हसलं. तिला त्याचं काही वाटलं असेल असं मला तरी दिसलं नाही.

बंदुकीशी तिचा संबंध आला तो पन्नाशीनंतर. तिचा नवरा हर्मेल आमच्या नेमबाजीच्या क्लबचा जुना सभासद. क्लब म्हणजे काय, तर जुन्या खडीच्या खाणीत एक लाकडी शेड आणि मातीच्या तबकड्या हवेत फेकणारं एक यंत्र. आपण 'सोड' म्हणायचं, तबकडी भिरभिरत निघते, ती खाली पडायच्या आत फोडायची. रविवारी सकाळी आम्ही जमायचो. रोलांद शिजवलेल्या घेवड्याचं मोठं भांडं घेऊन यायची आणि गाडीतच विणत बसायची. एका रविवारी हर्मेलच्या ओळीने सहा तबकड्या हुकल्या, तेव्हा गाडीतून हसू ऐकू आलं.

"हसतेस काय? ये ना, तूच मार," हर्मेल म्हणाला.

ती विणकाम सीटवर ठेवून आली. पहिल्या दोन हुकल्या, तिसरी फुटली. चौथीही फुटली. महिन्याभरात हर्मेलची बंदूक तिच्याच खांद्याला जास्त बसते हे सगळ्यांच्या लक्षात आलं. हर्मेलने खांदा दुखतो असं सांगून ती तिला देऊन टाकली आणि स्वतः घेवड्याच्या भांड्याजवळ बसायला लागला. पुढे तिने एका म्हाताऱ्या सभासदाच्या विधवेकडून लांब नळीची एकनळी बंदूक विकत घेतली. हर्मेल म्हणायचा, "माझ्यापेक्षा तिला जास्त पुसते." हे खरं होतं.

ती अठ्ठावन्न वर्षांची असताना राज्याच्या स्पर्धेत तिच्या वयाच्या बायकांत पहिली आली. मग क्लबात ठरलं की ऑगस्टमध्ये इलिनॉयला जी देशभराची स्पर्धा होते, तिला रोलांदने जायचं. सगळ्यांना वाटलं ती गाडीने जाईल. दोन दिवसांचा तर रस्ता.

"छे," ती म्हणाली. "तीस वर्षं स्टीअरिंग धरलंय. सुट्टीत नाही धरणार."

हर्मेलच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्याला गाडी चालवायची मनाई. म्हणजे विमानच. ती जन्मात विमानात बसली नव्हती. तिला विमानाची भीती नव्हती, पण बंदूक डोळ्यांआड जाणार हे तिला आवडत नव्हतं.

आमच्या क्लबचा सेक्रेटरी विल्फ्रेड नादो दरवर्षी बंदूक घेऊन अलास्काला भावाकडे जातो, म्हणून त्याला तिच्याकडे पाठवलं. त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर अॅल्युमिनियमची नवी पेटी उघडी पडली होती. बंदूक नळी वेगळी करून, रिकामी, पेटीतल्या स्पंजच्या खाचेत ठेवायची. पेटीला कुलपं दोन, किल्ल्या फक्त तिच्याजवळ. काउंटरवर गेल्या गेल्या आपणहून सांगायचं की यात बंदूक आहे. काडतुसं स्पर्धेच्या जागी मिळतात, तेव्हा ती न्यायचीच नाहीत. एवढं सांगून विल्फ्रेडने कॉफी संपवली आणि तो उठता उठता परत बसला.

"अजून एक. मधे न्यूयॉर्कजवळ तुझं विमान बदलायचंय. पेटी परस्पर या विमानातून त्या विमानात जाते तोवर ठीक. पण अडकलीस आणि त्यांनी पेटी तुझ्या हातात द्यायला काढली, तर घेऊ नकोस. त्या राज्याचा परवाना तुझ्याकडे नाही. पेटी हातात घेतलीस की बंदूक बाळगल्याचा गुन्हा लावतील."

"माझीच बंदूक?"

"तुझीच."

"कुलपात?"

"कुलपात असली तरी."

"हे वेड्यांचं राज्य दिसतंय."

"असेल. पण तुरुंग त्यांचा आहे," विल्फ्रेड म्हणाला.

निघायच्या दिवशी आमच्या छोट्या विमानतळावर काउंटरला ट्रॅव्हिस सिर होता. सहा फूट उंच, दाढी राखलेला. पहिलीपासून आठवीपर्यंत तो तिच्याच बसमधून शाळेत गेला होता. रोलांदने पेटी वर ठेवली आणि पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, "मला रिकामी बंदूक नोंदवायची आहे."

ट्रॅव्हिसने घसा साफ केला. "मिसेस मिशो, मला विचारावंच लागतं. बंदूक रिकामी आहे ना?"

"तिसरीत तुझं डोकं होतं तेवढी."

मागे उभे असलेले दोघे हसले. ट्रॅव्हिस कानापर्यंत लाल झाला, पण त्याने पेटी उघडायला लावली, नळीत पाहिलं, तिची सही असलेली चिठ्ठी आत ठेवली आणि तिच्याकडून कुलपं लावून घेतली. तपासणीवाल्यांचं होईपर्यंत ती तिथेच थांबली. किल्ल्या तिने संत ॲनच्या पदकाबरोबर गळ्यातल्या साखळीत ओवल्या. मग काचेच्या पलीकडे पेटी विमानात चढताना दिसेपर्यंत ती हलली नाही.

विमान न्यूयॉर्कजवळ वेळेवर पोहोचलं. पण त्या दुपारी समुद्राकडून वादळ आलं. एकेक करत फलकावरची सगळी विमानं रद्द झाली, तिचंही. लोकांना सांगण्यात आलं, सामान घ्या, हॉटेल शोधा, सकाळी या. ती सामानाच्या हॉलमध्ये गेली. तिची कपड्यांची बॅग पट्ट्यावरून आली. बंदुकीची पेटी पट्ट्यावर येत नाही. ती एका माणसाने बाजूच्या दारातून आणली आणि सामानाच्या ऑफिसातल्या काउंटरवर ठेवली. काउंटरवरच्या तरुणाने तिचं नाव पुकारलं.

"ही तुमची. इथे सही करा आणि घेऊन जा."

रोलांदने दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले. "माझीच आहे. पण मी घेणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हात लावणार नाही. तुम्ही ठेवा आणि सकाळी विमानात चढवा."

"बाई, बाहेर दोनशे लोक रांगेत आहेत. आम्ही असं सामान ठेवत नाही. तुमचं सामान, तुम्ही घ्या."

"इलिनॉयला घेईन."

तरुणाने पेटी तिच्याकडे थोडी सरकवली. रोलांद तेवढीच मागे सरकली. त्याने काउंटरला वळसा घालून पेटी तिच्या पायाशी आणून ठेवली, तर तिने जाऊन पलीकडच्या भिंतीला पाठ टेकली. रांगेतले लोक बघायला लागले. एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं.

"मला मग पोलिसांना बोलवावं लागेल," तरुण म्हणाला.

"बोलवा की. फक्त त्यांना आधी सांगा, माझे हात कुठे आहेत ते."

एवढं बोलून ती खालच्या आवाजात खोऱ्यातल्या फ्रेंचमध्ये एक शिवी पुटपुटली. चर्चमधल्या भांड्यांची नावं घेऊन द्यायची ती जुनी शिवी. आतल्या खोलीतून एक धिप्पाड, पांढऱ्या केसांची काळी बाई बाहेर आली. ती तिथली सुपरवायझर, मादाम बॅप्टिस्ट. मूळची हैतीची.

"कोण बोललं हे?" तिने फ्रेंचमध्ये विचारलं.

"मी," रोलांद म्हणाली. "माफ करा."

"अहो, माफ कसलं. माझ्या शाळेत कॅनडाच्या नन होत्या. त्यातली एक स्वयंपाकघरात हात भाजला की हेच म्हणायची. आम्हाला वाटायचं प्रार्थनाच आहे."

दोघींची फ्रेंच एकमेकींना निम्मीच कळत होती. रोलांदने सगळं सांगितलं, विल्फ्रेड आणि अलास्कासकट. मादाम बॅप्टिस्टने ऐकून घेतलं आणि तरुणाला म्हणाली, "ती पेटी उचल आणि माझ्या टेबलाखाली ठेव." पण तरुणाने तोवर फोन केला होता. पोलीस आला. एकच होता, मध्यमवयीन, च्युइंगम चघळत.

"बंदूक कुणाची?"

"माझी."

"मग घेत का नाही?"

"इथे नाही घेणार."

पोलिसाने पेटीकडे पाहिलं, तिच्या खिशांतल्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही हात लावलाय का तिला? इथे उतरल्यापासून?"

"नाही."

तो थोडा वेळ चघळत राहिला. "कायदा मी सांगायचा नसतो, ते वकिलाचं काम. पण तुमच्या जागी असतो तर मीही हात लावला नसता." मग मादाम बॅप्टिस्टकडे वळून म्हणाला, "मला इथे कुणाच्या हातात बंदूक दिसत नाही. मी निघतो."

पेटी विमान कंपनीच्या कुलपाच्या खोलीत गेली. मादाम बॅप्टिस्टने स्वतः तिच्यावर सकाळच्या विमानाची चिठ्ठी लावली. रोलांद हॉटेलात गेली नाही. त्या खोलीच्या दारासमोर खुर्च्या होत्या, तिथे बसून राहिली. मादाम बॅप्टिस्टने घरी जाण्यापूर्वी आपल्या डब्यातला भात आणि तळलेली केळी तिला दिली. रोलांदने पिशवीतून प्लोय काढले. हे आमच्याकडचे कुटूच्या पिठाचे घावन. ती ते सकाळी गुंडाळून घेऊन निघाली होती. मादामने एक खाल्ला.

"याला चव कसली असते?" तिने विचारलं.

"लोण्याची. लोणी मात्र घरी राहिलंय."

पुढे रोलांदने मला सांगितलं की त्या खुर्चीत तिला एकदाच रडू येईल असं वाटलं, आणि तेही थकव्याने. तिने घरी फोन केला. हर्मेल म्हणाला, "घे ती पेटी आणि टॅक्सीने हॉटेलात जा. कोण बघतंय?"

"मी बघतेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती इलिनॉयला पोहोचली तेव्हा तिची पहिली फेरी होऊन गेली होती. नाव पुकारलं, माणूस नाही, म्हणून रेघ मारलेली. तिथे पेटी हातात घेतल्यावर तिने आधी कुलपं तपासली, मग ती उघडून, वाकून बंदुकीच्या दस्त्याचा वास घेतला. तेलाचाच वास होता. मैदानावर तबकड्या फेकणाऱ्या यंत्रांची रांग इतकी लांब होती की दुसरं टोक दिसत नव्हतं. क्लबात आम्ही सगळे मिळून वर्षात जेवढ्या तबकड्या फोडतो तेवढ्या तिथे सकाळच्या एका तासात फुटत असाव्यात. ती उरलेल्या फेरीत उतरली. शंभरपैकी एक्याण्णव. अधेमधे ओळीने अठ्ठेचाळीस. बक्षिसाच्या जवळपासही नाही, पण वाईट म्हणावं असंही नाही.

परतीचं तिकीट तिने बदलून घेतलं. न्यूयॉर्कच्या बाजूला जायचंच नाही म्हणून आमच्याच राज्यातल्या बँगोरला उतरली, आणि शेजाऱ्याच्या गाडीतून हर्मेल डोळ्याला हिरवा चष्मा लावून तीन तास प्रवास करून तिला घ्यायला आला.

"किती?" त्याने विचारलं.

"एक्याण्णव."

"आणि पोलीस किती?"

तिथूनच ते सुरू झालं. पहिल्या रविवारी हर्मेलच्या तोंडून पोलीस दोन झाले. बटाट्याच्या सुगीपर्यंत चार, त्यातल्या एकाजवळ कुत्रा. नाताळापर्यंत तर त्याच्या गोष्टीतली रोलांद हात वर करून उभी होती. ती भांडी विसळता विसळता म्हणायची, "एकच होता, आणि च्युइंगम खात होता," पण तिकडे कुणाचं लक्ष नसायचं. अठ्ठेचाळीस ओळीने फोडल्याचं तिने स्वतः दोनदा सांगून पाहिलं. लोक "वा" म्हणाले आणि पुन्हा कुत्र्याबद्दल विचारायला लागले.

याचं तिला वाईट वाटायचं. जे केलं नाही त्यासाठी नाव झालं, आणि जे केलं ते कुणाच्या लक्षात नाही, असं ती मला एकदा म्हणाली. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली, या वेळी गाडीने. नव्या डोळ्याचा हर्मेल गाडी चालवत होता आणि ती शेजारी बसून त्याला ब्रेक मारायला सांगत होती. सत्त्याण्णव फोडल्या. एक छोटा चषक मिळाला, तो फ्रिजवर आहे.

आता तिने सत्तरी ओलांडली आहे. बस सोडली, रविवार सोडला नाही. मागच्या रविवारी कारखान्यात नव्याने आलेला एक इंजिनियर क्लबात आला होता. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "न्यूयॉर्कला स्वतःच्या बंदुकीला हात लावायला तयार नव्हत्या, त्या तुम्हीच का?"

"माझी पाळी आहे," रोलांद म्हणाली. "जरा मागे सरक." तिने काडतूस आत घातलं, बंदूक खांद्याला लावली आणि सोड म्हणाली.