आरोपींत माझंही नाव लिहा

नोकरीत असंख्य जबाब घेतले; पण एका बाईंचा जबाब अजूनही कानात आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी नाशिक रोडला निरीक्षक होतो. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधला एक हमाल फिर्याद घेऊन आला. त्याची बायको स्वयंपाकाच्या कामासाठी आखातात गेली होती. पासपोर्ट काढून घेतलाय, घरात कोंडून ठेवलंय, एवढेच तिला फोनवर सांगता आले होते.

तिला पाठवणाऱ्या एजंटाचे ऑफिस आमच्याच हद्दीत होते. परदेशी कामासाठी विनापरवाना भरती करणे हाच मुळात गुन्हा; पण चौकशीत तो ढिम्म. "मी फक्त तिकिटं काढून देतो, साहेब." त्याने त्याच पॅकहाऊसमधल्या आणखीही बायका पाठवल्या होत्या; त्यांच्या घरीही कोणी तोंड उघडेना. पोलिसांकडे गेलात तर बाई परत येणार नाही, असे त्याने बजावले होते.

अशात त्याच पॅकहाऊसमधल्या मुकादम बाई एकट्याच ठाण्यात आल्या. उभ्यानेच म्हणाल्या, "साहेब, या समद्यांना त्याच्याकडं मीच नेलं. चांगलं काम हाय म्हणला, मला खरं वाटलं. माझी सख्खी बहीण बी तिकडंच हाय. आरोपींत माझंही नाव लिहा."

मी एजंटाला समोर आणले. "हिला ओळखतोस?"

"नाही साहेब. आजच पाहतोय."

बाई सांगू लागल्या. कोणती नोकरी कबूल केली, मुलाखत कुठे घेतली. ऐकता ऐकता तो खेकसला, "बहीण परत यायला नको का तुला?"

बोलून गेल्यावर त्याला कळले. बाई त्याच्याकडे वळल्या. "पायजे ना. पण एकटी नाय, समद्या पायजेत. साहेब, लिहा तुम्ही."

त्यानंतर त्याने मुंबईचा साथीदार आणि तिकडचे पत्ते सांगितले.

फसवणुकीची कल्पना नसल्याने बाई कायद्याने साक्षीदार ठरत होत्या. मी तसे समजावले. "कायद्यात नसंल बसत," त्या म्हणाल्या, "पण त्यांच्या घरी काय सांगू?" मग त्या स्वतः घरोघर गेल्या. शिव्या खाल्ल्या, पण नातेवाइकांना जबाब द्यायला घेऊन आल्या. वकिलातीमार्फत सगळ्या बायका परतल्या, त्यांची बहीणही. एजंटाला शिक्षा झाली.

गुन्हा करून हात झटकणारी माणसे मी रोज पाहिली. गुन्हा नसताना जबाबदारी मागायला आलेले माणूस एकदाच पाहिले. त्या दिवशी जबाब देऊन त्या निघाल्या तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. तसे वरिष्ठांसाठीच उठायची सवय होती.