मळवट

शरणम्मा मुरूमच्या बाजारात कडक भाकरी विकायची. भाकरीपेक्षा हिची जीभ कडक, असं गिऱ्हाइकंच म्हणायची. नवरा गेल्यावर दिरांनी लेकीला मागच्या खोलीत कोंडायचा विषय काढला, तेव्हा तिनं उंबऱ्यात उभं राहून ठणकावलं होतं, "शिवप्रिया माणसांत राहील. ज्याला लाज वाटते त्यानं तोंड झाकून हिंडावं."

शिवप्रिया अंगानं बाई, समजेनं चिमुरडी. फेफऱ्याच्या गोळ्यांसाठी तिला दर महिन्याला सरकारी दवाखान्यात न्यावं लागे. वाटेत एका स्टँडवर बस बदलायची. गाडीत ती शहाण्यासारखी बसायची. फक्त शिट्टी तिला सोसत नसे. शिट्टी ऐकली की कान दाबून किंचाळायची, गरगर घुमायची. तेव्हा तिला हात लावायचा नाही, बस. जरा वेळानं ती आपोआप खाली बसायची आणि भाकरी मागायची.

त्या दिवशी पौर्णिमा होती. तुळजापूरला निघालेल्या माणसांनी स्टँड फुललं होतं आणि हवालदार गौरीशंकर गर्दीवर शिट्ट्या फुंकत होता. शिवप्रिया किंचाळली. वेणी सुटली, केस तोंडावर आले, ती घुमायला लागली.

"अंगात आलं गं बाई! आई आली!" कुणीतरी ओरडलं.

शिट्टी थांबली. गौरीशंकरनं काठी काखेत मारली, पायांतले बूट काढले.

"मागं सरा सगळे! कुणी हात लावायचा न्हाय. गोल करा. पाणी आणा कुणीतरी."

लोक सरले. शिवप्रियाभोवती मोकळी जागा झाली. शरणम्मा बघतच राहिली. उभ्या जन्मात लेकीला इतकं नीट कुणी वागवलं नव्हतं. शिवप्रियाचं घुमणं हळू झालं, ती उकिडवी बसली. संपलंच होतं.

तेवढ्यात एका बाईनं सुनेला पुढं ढकललं. "आई, हिची कूस कधी उजवंल? सांगा!" आणि सुनेनं शिवप्रियाच्या पायांवर डोकं ठेवलं. शिवप्रिया दचकली, तिनं लाथ झाडली.

"लाथ न्हाय, परसाद हाय! दुसऱ्यांदा ठेव डोकं," सासू म्हणाली.

शरणम्माच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग होतं. देवाच्या नावानं खोटं पाया पडून घेणं तिच्या जिवावर आलं.

"उठ बाई. देवी न्हाय ती. माझी लेक हाय, जन्मापासून मतिमंद. शिट्टीला भ्याली."

गौरीशंकरनं आधी बूट घातले.

"येडी व्हय? आणि आमाला पाया पडायला लावती? तमाशा मांडलाय?"

"तुमाला कुणी पाया पडा म्हणलं होतं, साहेब? जरा दम धरा. धरू नका तिला. आत्ता केलं तसंच करा."

"तू शिकवणार मला?"

त्यानं शिवप्रियाचं मनगट धरलं. ती चावली. मग एक थोबाडीत बसली, मग दुसरी. तिच्याच ओढणीनं हात बांधून तिला चौकीत नेलं. ज्यांनी गोल केला होता तेच आता मोबाइल उंच धरून मागं चालले होते. पाया पडलेली सून तोंडाला पदर लावून हसत होती.

संध्याकाळी गौरीशंकरनं शिवप्रियाला सोडलं, तेही शरणम्मानं कान धरून माफी मागितल्यावर. "पुन्हा दिसली तर वेड्यांच्या दवाखान्यात धाडीन," तो म्हणाला. तोवर सरकारी दवाखाना बंद झाला होता. गोळ्या मिळाल्या नाहीत; त्या आठवड्यात शिवप्रियाला फेफरं आलं आणि ती चुलीजवळच पडली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गोळ्यांसाठी निघताना शरणम्मानं शिवप्रियाला आपल्यासमोर बसवलं. केस मोकळे सोडले. बाजारातून आणलेली कवड्यांची माळ गळ्यात घातली. हळदीकुंकवाचा मळवट भुवईपासून भुवईपर्यंत भरला. स्वतःचं लिंग पदराआड सारलं.

स्टँडवर शिट्टी वाजली. शिवप्रिया किंचाळली. गौरीशंकर धावत आला. त्यानं दोघींना ओळखलं, हे शरणम्माला त्याच्या डोळ्यांत दिसलं. पण तोवर चार बायांनी हात जोडले होते. त्यानं कवड्या पाहिल्या, गर्दी पाहिली, आणि खाली वाकून बूट काढले.

"मागं सरा. हात लावू नका कुणी."

शिवप्रिया निवांत झाली. खाली बसली. कपाळाला खाज सुटली म्हणून ती तळहातानं मळवट पुसायला लागली. शरणम्मानं तिचं मनगट पकडलं, ओढणीचा वळ अजून होता तिथंच, आणि ती सोडवून घ्यायला धडपडली तरी सोडलं नाही.