आठवा हुक

चार वाजले की तनू दारात जाऊन उभी राहायची. त्या दिवशीही उभी होती. चारला दहा मिनिटं झाली, वीस झाली, गाडीचा आवाज नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पप्पा चार." आमची तनू नऊ वर्षांची आहे, पण सलग दोन शब्द बोलते ते एवढेच. मी म्हटलं, येतील गं, रस्त्याला गर्दी असेल. तेवढ्यात फोन वाजला. ह्यांच्या कंपनीतले संजयभाऊ होते. "वहिनी, घाबरू नका, रामदासला जरा बरं वाटत नाहीये. दवाखान्यात आणलंय, तुमच्या दिरांना घेऊन या." नंतर कळलं, पहिली पाळी सुटल्यावर हे गेटपाशी गाडीला किक मारायला गेले आणि तिथेच खाली बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. एकेचाळीस वर्षांचे होते. मी चप्पल शोधत होते तेव्हाही तनू दारातच होती, आणि तिच्या मागे भिंतीवरच्या पिवळ्या पत्र्यावर, शेवटच्या हुकाला, ह्यांचा फोटो चिकटवलेली चकती लटकत होती. चकतीचा अर्थ, चार वाजता पप्पा येणार. त्या फळ्यावर लावलेली गोष्ट झाली नाही असं तीन वर्षांत पहिल्यांदा घडलं.

आज त्याला सव्वा महिना झाला. मी चौथीपर्यंत शिकलेली. माहेर निफाडकडचं, द्राक्षांच्या बागेत कामाला हात लागतात म्हणून पुढची शाळा राहून गेली. चार माणसांत मला बोलता येत नाही. म्हणून तनूचं बाहेरचं सगळं ह्यांनीच बघितलं. तनू दोन वर्षांची होईपर्यंत मामा, काऊ, पाणी असं बोलत होती. मग एकेक शब्द गळाला. हाक मारली तरी बघेना. पंख्याकडे तासभर टक लावून बसायची, नाहीतर एका जागी क्षणभर ठरायची नाही, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत राहायची. सासूबाई वणीच्या देवीला जाऊन नवस बोलून आल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी ऑटिझम असा शब्द सांगितला, जोडीला लक्ष न ठरण्याचाही त्रास आहे म्हणाले. मी घरी येऊन रडले. ह्यांनी तो शब्द कागदावर लिहून आणला होता. तो कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि म्हणाले, "नाव कळलं ना, आता शोधता येईल."

सगळ्यात वाईट असायचं ते बदलाचं. नेहमीची रिक्षा आली नाही, वरणाऐवजी आमटी झाली, की तनू भिंतीवर डोकं आपटायची. कपाळावर कायमचं टेंगूळ होतं तिच्या. लोक म्हणत, "तिला काय कळतंय?" हे ह्यांना अजिबात खपायचं नाही. एरवी मवाळ माणूस, पण तेवढ्या वाक्याला चिडायचे. "तिला कळतं. आपल्याला सांगता येत नाही," असं म्हणायचे. ही मुलं घरी कशी सांभाळावी, आईबापांना काय शिकवावं, याचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम तेव्हा तनूच्या शाळेत आल्या. त्यांना काही घरं हवी होती. आम्ही नाव दिलं. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या आया आणि त्यांच्यात हे एकटे पुरुष, कंपनीचा डगला घालूनच आलेले. मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. अर्ध्या घरांना लगेच शिकवणार, अर्ध्यांना सहा महिन्यांनी. शिकवल्यामुळे फरक पडतो की मूल नुसतं मोठं झाल्यामुळे, ते तसंच कळतं म्हणे. आमची चिठ्ठी सहा महिन्यांची निघाली. हे उठून म्हणाले, "मॅडम, सहा महिने लय होतात हो." मॅडम म्हणाल्या, "मला समजतं, पण अभ्यासाचा नियम आहे."

हे रविवारी सिडकोत एका घरी जाऊन आले, त्यांची चिठ्ठी पहिल्या गटाची होती. तिथे भिंतीवर पुठ्ठ्याचा फळा होता आणि त्यावर मुलाच्या दिवसाची चित्रं ओळीने लावलेली. एक झालं की ते चित्र काढायचं, मग पुढचं. पुढच्या आठवड्यात ह्यांनी साहेबांना विचारून भंगारातला पत्रा आणला. तो कापला, कडा कानशीने इतक्या घासल्या की ओठ लावला तरी लागू नये. पिवळा रंग दिला. पुठ्ठा तनू फाडेल आणि चिकटवलेलं उपटेल म्हणून आठ हुक मागून नट आवळून बसवले. चकत्यांवर फोटो, दात घासायचा ब्रश, रिक्षावाले काका, शाळेचं गेट, आमचं वरणभाताचं ताट. आठव्या हुकाला स्वतःचा पासपोर्टचा फोटो. आणि एक चकती नुसती लाल रंगाची. ती लावली म्हणजे आज हे नाही, उद्या.

मॅडम दुसऱ्या महिन्यात माहिती लिहून घ्यायला घरी आल्या आणि भिंतीकडे बघून कपाळाला हात लावला. "अहो रामदासभाऊ, तुम्ही दुसऱ्या गटातले! हे करायचंच नव्हतं तुम्ही. माझा अभ्यास बिघडवलात की हो." हे म्हणाले, "मॅडम, अभ्यास परत करता येईल. पोरगी परत सहा वर्षांची नाही होणार." मॅडम चहा मात्र पूर्ण प्यायल्या. आमचं नाव अभ्यासातून काढलं. पुढे त्याचं मोठं बाड झालं, त्यात तनू कुठेच नाही. हे हसायचे, "आपण नापास नाही झालो गं, आपल्याला कॉपी करताना पकडलं." मॅडम मात्र नंतरही येत राहिल्या, आपल्या मनाने.

फळा लागल्यावर चार महिन्यांनी तनूचं डोकं आपटणं थांबलं. कसं थांबलं ते मला माहीत आहे, कारण ह्यांनी फळ्याला कधी खोटं बोलू दिलं नाही. जादा काम निघालं की पहाटे निघण्याआधी तिला उठवून फळ्यासमोर उभी करायचे, तिच्यासमोर स्वतःची चकती काढायचे आणि लाल लावायचे. मी म्हणायचे, "झोपू द्या ना तिला, मी लावते मागाहून." तर म्हणायचे, "नाही. बदल करायचा तर तिच्या डोळ्यांदेखत." एकदा कंपनीने दुसरी पाळी दिली. आठवडाभर लाल चकती. तनूने जेवण सोडलं. तेव्हा हे फळा भिंतीवरून काढून, चादरीत बांधून, गाडीवर घेऊन साहेबांकडे गेले. संजयभाऊंनी मला नंतर सांगितलं. साहेब म्हणाले, "हे काय आणलंत?" हे म्हणाले, "साहेब, हा माझ्या पोरीचा दिवस आहे. या आठव्या हुकावर मी आहे." साहेबांनी सगळ्या चकत्या एकेक करून बघितल्या. म्हणाले, "आणि रविवारी?" हे म्हणाले, "रविवारी मी सकाळपासूनच लटकलेला असतो साहेब." त्यानंतर ह्यांना कायम पहिली पाळी मिळाली. आणि तनू "पप्पा चार" म्हणायला शिकली.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी त्या दिवशी बोलले नाही. ह्यांना दवाखान्यातून घरी आणायच्या आधी मोठे दीर म्हणाले, "तनूला तिच्या आत्याकडे पाठवा. उगाच गोंधळ घालेल." सासूबाई म्हणाल्या, "पाठवा, पाठवा. तिला काय कळतंय?" तेच वाक्य, त्याच घरात, आणि आता त्यावर चिडणारं माणूस नव्हतं. मला म्हणायचं होतं की तिला बघू द्या, तिच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. भोवती वीस बायका होत्या. मी तनूचे कपडे पिशवीत भरले. रिक्षावाल्या काकांनी तिला नेलं तेव्हा ती वळून फळ्याकडे बघत होती. भेटायला येणाऱ्यांना टेकायला भिंत हवी म्हणून कुणीतरी फळा काढून पलंगामागे सरकवला. तेरा दिवस झाल्यावर तनू परत आली. घरात शिरली ती सरळ पलंगामागे. फळा ओढून काढला, ह्यांची चकती शोधली, आठव्या हुकाला अडकवली आणि दारात जाऊन उभी राहिली.

मग रोज तेच. चार, साडेचार, पाच... अंधार पडेपर्यंत दारात. तिसऱ्या दिवशी कपाळावर परत टेंगूळ आलं. मी लाल चकती लावायला लागले. ती लाल बघायची, थोडी शांत व्हायची आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या लाल काढून पप्पा लावायची. तिचं बरोबरच होतं. लाल म्हणजे आज नाही, उद्या. तिने तर नीट शिकून घेतलेलं. खोटं मी बोलत होते, रोज सकाळी, ह्यांच्या फळ्यावर. मॅडम आल्या तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपणहून प्रश्न विचारला. "मॅडम, कधीच नाही हे कसं दाखवायचं?" मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "ताई, लाल आता लावू नका. पण कधीच नाही, याचं चित्र आमच्याकडे नाही. आमच्या अभ्यासात हे आलंच नाही." मला त्यांचा राग आला. मग वाटलं, आलं असतं तर कुणाच्या घरातून आलं असतं?

मागच्या रविवारी सकाळी मी ह्यांची हत्यारांची पेटी उघडली. तिला कधी हात लावला नव्हता. दहाचा पाना वर होता, फडक्यात गुंडाळलेला. तनूला समोर बसवली, फळा जमिनीवर पालथा केला आणि आठव्या हुकाचा नट फिरवायला लागले. सासूबाई धावत आल्या. "अगं काय करतेस? त्याच्या हातचं हाय ते, मोडू नको गं!" मी म्हटलं, "आई, तिच्या डोळ्यांदेखत करायचं असतं." नट हलत नव्हता. ह्यांनी आवळला होता तो सुटू नये म्हणूनच. माझे हात सोलले, आणि मी पान्यावर पाय दिला तेव्हा तो सुटला. फळा परत भिंतीवर लावला. सात हुक आणि एक भोक.

तनूने चकती उचलली. भोकावर धरली, सोडली, ती खाली पडली. परत उचलली, परत पडली. किती वेळा ते सांगता येणार नाही. मग तिने जी किंकाळी फोडली तशी मी कधी ऐकली नव्हती, डोकं आपटायच्या दिवसांतही नाही. मी तिला धरून बसले. सासूबाई दुसऱ्या भिंतीशी बसल्या होत्या. मी तिला कळवलं, की नुसतं तिच्याकडून काढून घेतलं? हे असते तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार मी शंभरदा केला. पण हे असते तर हा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी चार वाजता ती दारात गेली नाही. फळ्यापाशी आली, भोकात बोट घातलं आणि तशीच उभी राहिली. तेव्हापासून रोज चार वाजता येते. हाक मारली तरी हलत नाही, "पप्पा चार" म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. परवा तिच्या बोटातून रक्त आलं. बाहेरच्या सगळ्या कडा ह्यांनी घासल्या होत्या, पण हुकाखाली दडलेली ही कड घासायचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं. पेटीत एक बारीक गोल कानस आहे. तनू शाळेत गेली की मी ती घेऊन भोकाची कड घासत बसते. ह्यांच्यासारखी गुळगुळीत होत नाही, अजून बोटाला लागतेच... उद्या परत घासेन.